खमिराने न खाल्लेली साखर

रुपराव कडू यांच्या नावाने आलेल्या लघवीत साखर होती, आणि खमिराने ती खाल्ली नाही.

टेबलावर दोन नळ्या शेजारी शेजारी उलट्या उभ्या होत्या. एकीत डॉक्टर आनंदराव गजभिये यांनी स्वतःची लघवी घेऊन तीत ग्लुकोजची पूड विरघळवली होती. दुसरीत रुपरावांच्या बाटलीतला नमुना होता. दोहोंत पावभट्टीतून आणलेले एकच खमीर सारखे घातले होते. मार्चातल्या नागपुरात ऊब द्यायला वेगळे यंत्र लागत नाही. दुपारपर्यंत पहिल्या नळीच्या शेंड्याशी वायूचा बोटभर फुगा जमला. दुसरीत बुडबुडासुद्धा नव्हता.

खमीर जिवंत होते, हे पहिल्या नळीने सिद्ध केले होते. दुसऱ्या नमुन्यात साखर होती, हे सकाळीच बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणाने दाखवले होते. स्पिरिटच्या दिव्यावर उकळताच ते पिवळे पडले होते. मधुमेहात लघवीत उतरते ती ग्लुकोज, आणि ग्लुकोज पुढ्यात असताना खमीर उपाशी राहत नाही. तेव्हा ही साखर वेगळी होती. कोणती, ते आनंदरावांना अजून ठाऊक नव्हते.

एवढ्या खोलात जाण्याची खरे तर गरज नव्हती. विम्याच्या अहवालात साखरेपुढे ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच लिहायचे असे. पण रुपराव अंगाने उतरलेला नव्हता, त्याला तहान नव्हती, आणि नसलेला रोग एखाद्याच्या नावावर चढवणे आनंदरावांना पटत नसे. पाहिल्याशिवाय मानायचे नाही, ही सवय त्यांना दोन ठिकाणी लागली होती. एक, छप्पन साली वडिलांच्या शेजारी मातीत बसून घेतलेल्या दीक्षेत. दुसरी, मेडिकल कॉलेजच्या प्रयोगशाळेत. त्यांतली आधीची कोणती, हे त्यांनाही सांगता आले नसते.

ते साल चौऱ्याहत्तर होते. सीताबर्डीच्या एका गल्लीत, कापडाच्या दुकानामागच्या भाड्याच्या खोलीत त्यांचा दवाखाना होता. खोलीला संडास नव्हता, आणि घरमालकाने आपला वापरू देण्याचा प्रश्नच नव्हता. रोगी येत, पण ज्यांच्याकडून फी मागायला जीभ उचलत नाही, असेच बहुतेक. संसार चालत होता तो विम्याच्या तपासण्यांवर. विमा कचेरीच्या यादीवर नाव लागलेला त्यांच्या वस्तीतला हा पहिलाच डॉक्टर. वडील गिरणीत पगाराच्या दिवशी अंगठा उठवीत. मुलाची सही मात्र अशी होती की तिच्या भरवशावर एखाद्या अनोळखी माणसाच्या मरणाची जोखीम कचेरी पत्करत असे. वडिलांनी मरेपर्यंत या गोष्टीचे नवल केले. आनंदराव नवल करीत नसत, पण सही करताना अक्षरे गाळत नसत.

दुपारनंतर रविंद्र ढोके आला. विम्याचा एजंट, मूळचा काटोलकडचा, राहायला एस.टी. स्टँडजवळ गणेशपेठेत. नरखेड-काटोलकडचे आनंदरावांचे सगळे काम त्याच्यामुळे होते. माणूस कष्टाळू होता. हप्ता चुकू लागला की आठवण द्यायला स्वतः गावी जाई. कोणी वारले तर तेराव्याच्या आत विधवेचे कागद पुरे करून देई आणि तिच्या घरचा चहासुद्धा घेत नसे. आज त्याचे डोळे तांबारलेले होते. नवी पोरगी रात्रभर झोपू देत नाही, असे तो बसता बसता म्हणाला.

आनंदरावांनी त्याला साखरेची बातमी दिली.

“साखर?” रविंद्र म्हणाला. “होऊच शकत नाही साहेब.”

एजंट अशा वेळी हळहळतात, जरा पाहा ना म्हणतात, नशिबाला बोल लावतात. रविंद्रच्या आवाजात विनंती नव्हती, खात्री होती. ती आनंदरावांच्या ध्यानात आली, पण तिचे काय करावे ते त्यांना कळले नाही. त्यांनी त्याला खमिराचा प्रकार समजावला आणि आपला तर्क सांगितला. सध्या मृगबहाराची तोड चालू आहे. माणूस संत्र्यांच्या बागेत राहणारा. दिवसभर संत्रीच खात असेल, तर फळातला एखादा पदार्थ लघवीतून उतरून निळ्या द्रावणाला फसवू शकतो. ग्रंथात तसे नमूद आहे.

“तेच असन साहेब,” रविंद्रने तर्क झेलला. “संत्रंच आहे ते. आठ दिवस बंद करायले सांगतो, अन् दुसरी बाटली आणून देतो.”

“बाटली नको. रुपरावलाच घेऊन ये.”

रविंद्रने त्याला आणले नाही. कोणत्याशा गावी काम निघाले, म्हणून निरोप ठेवून तो गेला. पण आनंदरावांनी रुपरावला परस्पर कार्ड टाकले होते. सकाळच्या एस.टी.ने रुपराव एकटाच आला आणि धोतर सावरीत बाकावर बसला. चाळिशीचा, रुंद हाडाचा माणूस. नाडी आणि छाती तपासायला तो पंधरवड्यापूर्वी येऊन गेला होता. तेव्हा संध्याकाळ होती. आज सकाळच्या उजेडात त्याच्या पापण्या भरल्यासारख्या दिसत होत्या.

रोज किती संत्री होतात, असे आनंदरावांनी विचारले.

“एक बी नाई, सायेब.”

“बाग आहे ना तुमची?”

“बाग माही, पन बहार इकला ना पौषात. झाडावर हाय ते आता बेपाऱ्याचं. त्याले हात लावनं बरं दिसते का? पोरी बी खाली पडलेलं उचलत नाईत. लयच मन झालं तं बजारातून इकत आनतो.” मग त्याला वाटले की डॉक्टर हसत आहेत. “हसून काहून राहिले सायेब? बेपारीच इकते मले. माह्याच झाडाचं.”

आनंदराव हसत नव्हते. त्यांचा तर्क मोडला होता. कागदाची पावतीसुद्धा नसलेल्या एका सौद्यापायी, आपल्या डोळ्यांदेखत पिकलेल्या फळाला हा माणूस आणि त्याच्या मुली हात लावत नव्हत्या, एवढेच त्यांच्या मनात राहिले. ते म्हणाले की लघवीचा आणखी एक नमुना लागेल.

“आनखी म्हंजे?” रुपरावने विचारले. “पहिला कवा देल्ला मी?”

स्पिरिटचा दिवा लावायला घेतलेली काडी आनंदरावांनी परत पेटीत ठेवली.

रुपरावने मग आपल्या परीने सगळे सांगितले. त्यात लपवाछपवी नव्हती, कारण लपवण्यासारखे काही आहे हेच त्याला ठाऊक नव्हते. रवीभाऊने अंगठा नको, सही करा म्हणून शिकवले, सही घेतली, छाती दाखवून या म्हणाला. बाटलीचे रुपरावनेच विचारले होते, कारण गावातल्या भैय्याजीच्या विम्याच्या वेळी त्यावरून थट्टा झाली होती. तर रवीभाऊ म्हणाला, ते मी पाहून घेतो, तुम्हाला लाज वाटते.

आनंदरावांनी त्याला गल्लीपलीकडच्या आपल्या घरी नेले, कोरी बाटली हातात दिली आणि स्वतः दाराशी उभे राहिले. इतक्या वर्षांत ते असे पहिल्यांदाच उभे राहत होते. परत येऊन त्यांनी नमुन्याचा पहिला भाग निळ्या द्रावणात उकळला. द्रावण निळेच राहिले. दुसरा भाग नळीत घेऊन वरच्या बाजूला आच दिली. स्वच्छ पिवळसर पाण्यात पांढरा ढग धरला. तो नुसत्या क्षारांचा असता, तर अॅसिटिक आम्लाचे थेंब टाकल्यावर विरला असता. तो विरला नाही. प्रथिनांचा होता तो. दाटला, आणि उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखा नळीला चिकटून बसला.

त्यांनी रुपरावचे पाय पाहिले. घोट्यावर बोट दाबले, ते उचलल्यावर खळगा राहिला.

“मूत्रपिंडाचा विकार आहे,” ते म्हणाले. “विमा मिळणार नाही.”

रुपरावने घोट्यातल्या खळग्यावर धोतर ओढले. “इम्याचं जाऊ द्या. मी कसा हाय ते सांगा.”

आनंदरावांनी सांगितले. मीठ बंद, मेहनत बंद, आणि आज घरी न जाता मेडिकलच्या इस्पितळात भरती. चिठ्ठी लिहीत असताना रुपराव बोलत राहिला. सकाळी डोळे सुजतात, म्हणून घरची दोन महिने मागे लागली होती. तो म्हणत होता, विम्याचा डॉक्टर पाहतोच आहे, काही असेल तर तोच सांगेल. दोन डॉक्टर कशाला?

“भैय्याजीचं बी असंच होतं,” तो म्हणाला. “आमच्याच गावचा. तुमीच पास केलं होतं त्याले. तोंड सुजे तं लोकायले सांगे, नागपूरच्या डॉक्टरनं पास केलं, मले काय होते?”

आनंदरावांना भैय्याजी आठवला. मोठ्याने बोलणारा, दंडाला पट्टा बांधताना गुदगुल्या झाल्यासारखा हसणारा माणूस. त्याचा रक्तदाब चढा होता. लघवी मात्र निर्मळ निघाली होती. एवढ्या दाबाला लघवी इतकी स्वच्छ कशी, असा प्रश्न आनंदरावांना तेव्हाही पडला होता. एस.टी.ची दगदग, असे स्वतःला उत्तर देऊन त्यांनी सही केली होती. दिवाळीच्या आधी भैय्याजी वारला. कचेरीने पैसे दिले, रविंद्रने विधवेचे कागद केले, आणि मग कोणी काही विचारले नाही.

रुपरावला रिक्षात बसवून आनंदराव परत आले आणि नळ्या धूत उभे राहिले. आता प्रश्न सोपा झाला होता. निळे द्रावण पिवळे करणारी, पण या खमिराने न खाल्ली जाणारी साखर, कसलाही रोग नसताना लघवीत कोणाच्या सापडते? दुधातली साखर अशी असते. अंगावर पाजणाऱ्या बाईच्या लघवीत ती उतरते. हे त्यांना विद्यार्थी असल्यापासून माहीत होते. मघापर्यंत आठवले नव्हते, कारण बाटलीवर पुरुषाचे नाव होते.

ऊन उतरल्यावर ते गणेशपेठेत गेले. रविंद्र घरी नव्हता. त्याची बायको प्रेमिला मुलीला पाजत होती. डॉक्टरांना पाहून तिने पदर सारखा केला, मुलीला खांद्यावर घेतले आणि पाणी दिले. तिचे बाळंतपण आनंदरावांच्याच देखरेखीखाली झाले होते, त्यामुळे तिला त्यांचा संकोच नव्हता.

रविंद्र तुझ्याकडे बाटली मागतो का, असे त्यांनी विचारले.

“आज पायजे होती का?” प्रेमिला म्हणाली. “हे तं सोमवारी म्हणून राहिले होते.”

“कोणाला पाहिजे असते, ते सांगतो का?”

“तुमालेच नं, डॉक्टरसाहेब. निरोगी माणसाची एक लागते म्हणे. तिच्यासंगं दुसऱ्यायची ताडून पाहता.”

आनंदरावांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. खोटे असूनही ते अगदी शास्त्रशुद्ध होते. टेबलावरच्या पहिल्या नळीत त्यांनी स्वतः तेच केले होते.

रविंद्र आला तेव्हा दाराशी डॉक्टरांच्या चपला पाहूनच त्याला कळले असावे. तो आत आला नाही, उंबरठ्यावर बसला आणि विचारायच्या आधीच बोलू लागला. सुरुवात भीमाबाईपासून झाली होती. काटोलकडची विधवा बाई, तिने मोठ्या मुश्किलीने बाटली दिली, आणि एस.टी.त बूच निघून ती सांडली. पुन्हा मागायला जायचे म्हणजे तिने दार लावून घेतले असते. पुढच्या खेपेला उन्हाने बाटली नासली. डॉक्टरच म्हणाले होते, वास येतो, ताजी आण. ताजी कुठून आणायची? दवाखान्यात सोय नाही, रस्त्यावर माणसे लाजतात.

“ते झालं,” आनंदराव म्हणाले. “नंतर काहून?”

“नंतर कोनी विचारलं नाही, साहेब.”

मग तो व्यवहाराचे बोलू लागला. रुपराव तसाही नापास होणार. साखर आहे म्हणून लिहा, केस बंद, बात खतम. कोणाचे नुकसान नाही. पोरगी एवढीशी आहे. आनंदराव म्हणाले की साखर रुपरावची नाही. कचेरीला कोणाची का असेना, तिला काय करायचे, असे रविंद्र म्हणाला, आणि त्याचा आवाज चढला.

“लिहायचंच असन तं पूर्ण लिहा. कागदावर छापलं आहे, नमुना माझ्यासमोर घेतला म्हणून. त्याच्याखाली सही माझी नाही.”

रविंद्रला आपलेच बोलणे जास्त झाल्यासारखे वाटले असावे. त्याने मान खाली घातली. ते जास्त नव्हते. आनंदरावांनी तपासून पाहिले, त्यात खोट काढण्यासारखे काही सापडले नाही.

प्रेमिला मुलीची पाठ थोपटत उभी होती. तिने नवऱ्याला हळू विचारले, “भैय्याजीच्या वेळेस बी माझीच होती?”

रविंद्रने होकारार्थी मान हलवली.

“म्हंजे पास मी झाले,” ती म्हणाली, “अन् मेले ते.”

तिचा हात थांबला. मुलगी कुरकुरली, तेव्हा पुन्हा चालू झाला. आनंदरावांनी रविंद्रला विचारले की भैय्याजीसारखे आणखी किती, आठवतील तेवढे सांग.

“सगळेच,” रविंद्र म्हणाला. “भीमाबाईपासून सगळेच.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आनंदराव दवाखाना उघडायला आले तेव्हा रविंद्र पायरीवर बसलेला होता. रात्रभर जागल्यासारखा दिसत होता. लिहू नका, असे तो या वेळी म्हणाला नाही. गावोगाव जाऊन सगळ्यांना पुन्हा तपासायचे असेल तर डॉक्टरांना एकट्याला कोणी दार उघडणार नाही, असे म्हणाला. ते बरोबर होते. भीमाबाई अजून आहे का, असे आनंदरावांनी विचारले. आहे, तो म्हणाला, पण आताशा तिला तहान फार लागते. हे बोलून झाल्यावर त्याने तोंडावर हात धरला.

आनंदरावांनी दिवा, नळ्या, निळ्या द्रावणाची बाटली आणि अॅसिटिक आम्ल पिशवीत भरले. काटोलची एस.टी. सुटायला अवकाश होता. ते टेबलाशी बसले आणि कचेरीच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांना पत्र लिहू लागले. हे पत्र टपालात पडले की यादीवरचे आपले नाव जाईल, हे त्यांना ठाऊक होते. रविंद्र समोर बाकावर बसून त्यांच्या लेखणीकडे पाहत होता. त्यांनी लिहिले:

‘रुपराव कडू यांच्या नावाने तपासलेल्या लघवीतील साखर दुधातील होती. नमुना अर्जदाराचा नसून एजंटाच्या पत्नीचा होता. ती मुलीस अंगावर पाजते. तो कशासाठी नेला जातो याची खरी कल्पना तिला नव्हती. अर्जदारास मूत्रपिंडाचा विकार असून त्यास रुग्णालयात पाठविले आहे. या एजंटामार्फत आलेले पूर्वीचे सर्व नमुने याच स्त्रीचे होते. ते अहवाल ग्राह्य धरू नयेत. कै. भैय्याजी यांचा अहवालही त्यांत आहे. संबंधितांची फेरतपासणी मी आजपासून स्वखर्चाने करीत आहे. अर्जदारांस लाज वाटते, बाटल्या उन्हाने नासतात व माझ्या दवाखान्यात संडास नाही, ही कारणे एजंटाने सांगितली. ती खरी आहेत, पण पुरेशी नाहीत. नमुना माझ्यासमोर घेतला, असे प्रत्येक अहवालावर छापलेले असून त्याखाली माझी सही आहे. मी एकदाही पाहिले नव्हते.’

खाली त्यांनी सही केली, पूर्ण, एकही अक्षर न गाळता.